टिकशील का, म्हणालात

अहो, तुमच्या कपाळावर गंध लावलंय.

शिक्रापूरच्या चौकात, ट्रकांच्या धुरळ्यात, तुम्ही फ्लेक्सवर चांगले माडीएवढे उंच उभे आहात. डोक्याला भगवा फेटा, कपाळावर अष्टगंधाचा उभा टिळा, मागं ढग आणि ढगांतून निघालेली किरणं. नावाच्या आधी 'कैलासवासी'. खाली जोडलेले हात, दशक्रिया विधी नदीघाटावर सकाळी, आणि त्याच्याखाली शोकाकुल म्हणून एवढी नावं की त्यातल्या निम्म्यांनी तुम्हांला जिवंतपणी कपभर चहा पाजला नसेल.

मी दौंडहून परत येत होते. तुम्हांला तिथल्या ख्रिस्ती दफनभूमीत ठेवून, मार्थामावशींकडं दोन रात्री राहून. एसटीतून उतरले आणि समोर तुम्ही. खोटं कशाला बोलू, आधी हसूच आलं. फेटा तुम्हांला कधी शोभला नाही. आपल्या लग्नात तो एका कानावर घसरला होता आणि सगळ्या फोटोंत तसाच आलाय. मग मात्र अंगाची लाही लाही झाली. तशीच पिशवी घेऊन फ्लेक्सवाल्याच्या दुकानात गेले.

तो बिचारा भला माणूस. खुर्ची दिली, पाणी दिलं. म्हणाला, "काकी, आम्ही मुद्दाम न्हाई केलं. तयार डिझाईन असतं. फोटो टाकला की फेटा आन् गंध बसतंच. सगळ्यांनाच बसतं. आन् खरं सांगू का, कपाळ लई मोकळं दिसत हुतं."

मी म्हटलं, ते कपाळ मोकळं ठेवायला त्या माणसानं काय काय सोसलंय ते मला विचार. तो म्हणाला, "पर काकी, मेलेल्या माणसाला काय फरक पडतोय?"

"मी जिवंत हाय ना," मी म्हटलं.

फ्लेक्स तुमच्या बबननं लावला होता. तुमचा मंडपवाला बबन, ज्याच्या मंडपाखाली तुम्ही आयुष्यभर भट्ट्या पेटवल्या. फ्लेक्सवाल्यानं फोन केला तसा तो गाडीवर आला आणि मला बघून रडायलाच लागला. वहिनी, मी प्रेमानं लावला, म्हणाला. ते मला दिसत होतंच. मी म्हटलं, प्रेमानं लावलात, आता प्रेमानंच उतरवा. दादांना काय सांगू, असं त्यानं विचारलं. दादा म्हणजे तुमचे थोरले भाऊ, आणि शोकाकुलांत पहिलं नाव त्यांचंच होतं. सांगा, मी काढायला लावला म्हणून, असं म्हटलं आणि बबन शिडीवर चढून तुम्हांला खाली घेईपर्यंत तिथंच उभी राहिले. चौकातले लोक बघत होते. बघू देत.

तुमच्यावर कुणी काहीही चिकटवलेलं मला चालणार नाही. चांगलंसुद्धा नाही. त्या फ्लेक्सवर तुम्हांला 'शांत, संयमी व्यक्तिमत्त्व' लिहिलं होतं. तुम्ही आणि शांत! लग्नानंतरची पहिली कितीतरी वर्षं मला तुम्ही अजिबात आवडत नव्हता. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात, पण प्रार्थनेत साक्ष द्यायला उभे राहिलात की तुम्हीच हे सगळ्यांपुढं सांगायचात, तेव्हा मीही सांगते. तुम्ही आचारी म्हणून नावाजलेले होतात आणि तोंडानं तिखटजाळ होतात. केंदूरपासून कवठे येमाईपर्यंत पुऱ्या लाटायला येणाऱ्या बायका तुमचं नाव ऐकून दोनदा विचार करायच्या. पुरी फुगली नाही तर तुमचा झारा कुठं येऊन लागेल याचा नेम नसायचा. घरी आमटीत मीठ कमी पडलं तर ताट अंगणात. मी ते ताट उचलायची, धुवायची, आणि पुढच्या वेळी मीठ मुद्दाम कमी टाकायची. हे तुम्हांला कधी कळलं नाही.

मग दौंडचं ते लग्न आलं. मार्थामावशींच्या मुलाचं. रेल्वेच्या क्वार्टरमागं मंडप होता, वऱ्हाड जेवायला बसायचं होतं, आणि तुम्ही एका बाईवर ओरडायला जोरात वळलात तशी कढई कलंडली. उजव्या हातावर उकळतं तेल. मी तिथं नव्हते, पण हे तुमच्याकडून इतक्यांदा ऐकलंय की मला तो चर्र आवाजही पाठ झालाय. नवऱ्या मुलाची आई स्टेजवरून उतरली, नव्या साडीनिशी चिखलात बसली आणि तुमचा हात पाण्याच्या बादलीत धरून राहिली. तिकडं पुढचं लग्न तिच्यावाचून लागलं. पुढं तिनं तुम्हांला घरीच ठेवून घेतलं, पट्ट्या बदलल्या, भरवलं, रोज सकाळी तुमच्याजवळ बसून प्रार्थना केली. तुम्ही येशूला माना असं एका शब्दानं म्हणाली नाही. शेवटी तुम्हीच न राहवून विचारलंत, मावशी, मी तुमच्या लग्नाचा विचका केला, तुम्ही रागावला कशा नाही? ती म्हणाली, "रागावले होते की. देवापुढं बसून रागावले. मग उरलाच नाही."

तुम्ही घरी आलात ते त्या वाक्यावरच अडकून आलात. राग असा कुठं नेऊन ठेवता येतो हे तुम्हांला कुणी सांगितलंच नव्हतं.

लोक अजून म्हणतात, त्याचा हात बरा झाला म्हणून तो ख्रिस्ती झाला. हात कुठं बरा झाला होता? दोन बोटं वाकडी झाली ती वाकडीच राहिली. त्या बोटांनी तुम्हांला नीट झारा धरता येत नव्हता, डाव्या हातानं सगळं शिकावं लागलं. बरं झालं म्हणून देव मानणारे पुष्कळ असतात. तुम्ही वाकडी बोटं घेऊन मानलात, म्हणून मी तुमच्याकडं पहिल्यांदा वळून बघितलं.

आणि तुम्ही बदललात. हळूहळू, रडतखडत, पण बदललात. बाप्तिस्मा घेऊन आल्यावरसुद्धा एकदा ताट उचललं होतंत. उचललंत, थांबलात, आणि खाली ठेवून उठून गोठ्यात जाऊन बसलात. मी खिडकीतून बघितलं, तर म्हशीपुढं बसून देवावर रागावत होतात. मला तेव्हा तुमच्यावर जितकं प्रेम वाटलं तितकं लग्नातही वाटलं नव्हतं.

कवठे येमाईचं लग्न तर पुऱ्या लाटणाऱ्या बायका अजून सांगतात. स्वयंपाक झाला तसं तुम्ही पहिली पंगत त्या बायकांची बसवलीत. यजमान तणतणत आला, "वऱ्हाड उपाशी हाय आन् ह्या बाया आधी जेवत्यात व्हय?" तुम्ही वाढता वाढता म्हणालात, "वऱ्हाड आत्ता आलंय. ह्या पहाटंपासनं भट्टीपुढं हायेत." त्या दिवसापासून तुमच्या कामावर बायकांची पंगत आधी, हा नियमच झाला. काही यजमानांनी त्यासाठी तुम्हांला पुन्हा बोलावलं नाही.

त्याहून जास्त कामं गेली ती नारळामुळं. भट्टी पेटवायच्या आधी आचाऱ्यानं तिला हळदकुंकू वाहायचं, नारळ फोडायचा, मग काडी लावायची, ही आपल्याकडची रीत. तुम्ही म्हणायचात, नारळ घरच्यांनी फोडा, मी आडवा येत नाही, मी माझ्या देवाला विचारून काडी लावतो. आणि सगळ्यांसमोर मान खाली घालून उभे राहायचात. लपूनछपून नाही, भट्टीमागं जाऊन नाही. कुठं बासुंदी नासली की नारळ न फोडल्यामुळं, कुठं भात लागला की येशूमुळं. नारळ फोडणाऱ्या आचाऱ्यांचे भात काय कधी लागत नव्हते?

गावच्या सप्त्याचा महाप्रसाद वर्षानुवर्षं तुमच्याच हातचा. पंचांनी निरोप दिला की नारळ फोडणार असशील तर ये. तुम्ही नाही म्हणालात. काम दुसऱ्या आचाऱ्याला गेलं. एवढं झाल्यावर माणसानं घरी बसावं की नाही? तुम्ही सप्त्याच्या दिवशी सकाळी उठून गेलात आणि त्या नव्या आचाऱ्याच्या हाताखाली बटाटे सोलत बसलात! संध्याकाळी परत आलात, तिथलं काही खाल्लं नव्हतं, घरी भाकरी खाल्लीत. मी तेव्हा आकाशपाताळ एक केलं. ज्यांनी काढलं त्यांचेच बटाटे सोलता? एक तर जाऊ नका, नाहीतर सरळ नारळ फोडा. आपल्या शिक्रापूरच्या प्रार्थनेच्या खोलीतले लोकही तुमच्यावर नाराज झाले. मूर्तीपुढच्या नैवेद्याला हात लावलास म्हणून पास्टरांनी बसवून समजावलं. तुम्ही सगळ्यांचं ऐकून घेतलंत आणि पुढच्या वर्षी पुन्हा गेलात. म्हणालात, "मी नैवेद्याला न्हाई गेलो, जेवणाऱ्यांसाठी गेलो. माझंच गाव हाय."

मला हे अजूनही पटलेलं नाही. तुम्ही गेलात म्हणून मी हा वाद सोडलाय असं समजू नका. अपमान करणाऱ्याच्या दारात असं जाऊन बसू नये, माझं तेच मत आहे. पण तुम्ही दोन्हीकडच्या शिव्या खाल्ल्यात आणि दोन्हीकडं एकच माणूस राहिलात, एवढं मात्र मला मान्य करावंच लागतं.

आपला दुसरा वाद माझ्या बाप्तिस्म्याचा. दर रविवारी मी तुमच्याबरोबर शिक्रापूरला यायची. त्या भाड्याच्या खोलीत, कारखान्यातून रात्रपाळी करून आलेली बिहारची पोरं हिंदीत गायची, आपण मराठीत, आणि सूर कुठंच जुळायचे नाहीत, तरी मला तिथं भरून यायचं. मी प्रार्थना करायची, मनापासून करायची. पण पाण्यात उतरायचा विषय निघाला की नाही म्हणायची. तुम्हांला वाटायचं, गावाला भिते. अंगणवाडीत माझ्याकडं सगळ्या गावाची लेकरं, बायका काय म्हणतील म्हणून भिते.

मी गावाला कधी भ्याले? माझं म्हणणं वेगळंच होतं आणि ते मी तुम्हांला एकदाच नीट सांगितलं. माहेरी वडिलांचा देव होता. लग्न झालं, तो देव सुटला आणि तुमचा कुलस्वामी माझा झाला. मग तुम्ही देव बदललात. दर वेळी माझा देव दुसऱ्या कुणीतरी ठरवला आणि मी फक्त पदर सावरून मागं चालत गेले. हा एक तरी मी ठरवीन, आणि मला वाटेल तेव्हाच ठरवीन. तुम्ही बरं म्हणालात आणि पुन्हा कधी विषय काढला नाहीत. त्या 'बरं'बद्दल मी तुमची आयुष्यभर आभारी आहे. हे तेव्हा म्हणायला हवं होतं. माझ्या जिभेवर आलंही होतं.

आणि एवढं सगळं कळून, तुम्ही जायच्या आदल्या आठवड्यात, पायऱ्यांवर बसून, धाप लागत असताना, मला विचारलंत, "माझ्यामागं टिकशील का गं?"

मला इतका राग आला अहो. तुमचं हृदय मोठं झालंय असं डॉक्टर म्हणाले होते, जास्त बोलायचं नाही असं बजावलं होतं, म्हणून मी काही बोलले नाही. तुमच्या हातातला कप घेतला आणि आत गेले. पण आत जाऊन भांडी आदळली ती तुम्ही ऐकली असतील. म्हणजे तुम्हांलाही मी तुमच्या मागं चालणारीच वाटत होते? दिवा विझला की सावलीही गेली, असं?

तुम्ही गेलात आणि तोच प्रश्न घेऊन सगळं गाव दारात आलं. आधी कुजबुज, की देव बदलला, म्हणून माणूस अकाली गेला. मी शेजारणीला तोंडावर विचारलं, ज्यांनी देव बदलला नाही त्यांच्या घरात कुणी मरतच नाही का? ती उठून गेली. मग दादा आले. दादांना मी नावं ठेवणार नाही. दौंडपर्यंत टेम्पोत ते तुमच्या पायाशी बसून आले, आपल्या मंडळींची गाणी चालू असताना मान खाली घालून उभे राहिले आणि स्वतःच्या हातानं माती लोटली. फ्लेक्स उतरवल्याचं कळलं तेव्हा मात्र घरी आले आणि भिंतीला टेकून बसले.

"माती तुमच्या मताप्रमानं झाली," ते म्हणाले. "म्या शब्द काढला न्हाई. आता दहावा आमच्या मताप्रमानं हु दे. त्याच्या पोटाला पोर न्हाई, त्याच्यामागं पानी द्यायला म्याच हाय. त्यो मोकळा व्हाया पायजे."

मला वाईट वाटलं आणि तरी मी नाही म्हटलं. म्हटलं, दादा, तुम्ही भाऊ आहात, तुम्हांला करायचं ते करा, मी अडवणार नाही. पण मी घाटावर येणार नाही आणि माझं नाव त्यात घालायचं नाही. त्यावर ते म्हणाले, आणि रागानं नाही, अगदी माझ्या काळजीनं म्हणाले, "त्यो हुता म्हनून तू जात हुतीस. आता त्योच न्हाई. तुला आता कोन धरून ठेवनार हाय?"

बघा. तुम्हीही तेच विचारलंत आणि त्यांनीही तेच.

दहाव्याला दादा घाटावर गेले. मी दार सताड उघडं ठेवून घरी बसले. भावकीतल्या बायका आल्या नाहीत. पुऱ्या लाटणाऱ्या आल्या, त्या सगळ्या घाटावर न जाता इकडं आल्या, आणि मी प्रार्थना केली तेव्हा कुणी डोळे मिटून, कुणी उघडे ठेवून, पण बसून राहिल्या. दुपारी दादा आले. मुंडण केलेलं डोकं, ओलं धोतर. मी पाणी दिलं. म्हणाले, कावळा लगेच शिवला. त्याची काही इच्छा राहिली नव्हती.

माझा त्या कावळ्यावर विश्वास नाही, पण त्या दिवशी मी त्याचे आभार मानले. म्हटलं, बरं झालं दादा. म्हणजे आता मी जे करणार आहे ते त्यांची राहिलेली इच्छा म्हणून केलं, असं कुणाला म्हणता येणार नाही. दादांनी विचारलं काय करणार. मी बाप्तिस्मा घेणार आहे, असं सांगितलं. त्यांनी पाण्याचा ग्लास खाली ठेवला. "भाऊ गेला, आता तू बी चाललीस व्हय?" असं म्हणाले. मी म्हटलं, मी कुठं चाललेय? ह्याच घरात राहणार, ह्याच गावची लेकरं सांभाळणार. ते उठले आणि गेले.

आडवे आले ते पास्टर! ताई, वर्षभर थांबा, म्हणाले. दिवस बरे नाहीत. दुःखात असलेल्या बाईला फसवून पाण्यात उतरवलं असं लोक म्हणतील. त्यांची भीती खोटी नव्हती, त्यांना त्याचा त्रास झालेला आहे. पण मी तुमच्याशी एवढी वर्षं वाद घालून तयार झालेली बाई. मी म्हटलं, नवरा असताना घेतला असता तर नवऱ्यानं घ्यायला लावला म्हणाले असते. गेल्यावर घेतला तर दुःखानं घेतला म्हणतील. वर्षानं घेतला तर एकटी पडली म्हणून घेतला म्हणतील. बाईनं स्वतःच्या मनानं घेतला, असं म्हणायला कुठला दिवस मोकळा आहे तेवढं सांगा, मी त्या दिवशी येते. पास्टरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग रविवार ठरला.

दौंडला, भीमेत. पाणी काही फार छान नव्हतं, कडेला जलपर्णी होती आणि पायाखाली गाळ. मार्थामावशी काठी टेकत काठापर्यंत आल्या. बिहारची पोरं आली. दादा आले नाहीत. पलीकडं कपडे धुणाऱ्या बायका हात थांबवून बघत होत्या आणि मी त्यांच्याकडं सरळ बघितलं.

कमरेएवढ्या पाण्यात पास्टरांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि मोठ्यानं सुरुवात केली, "आमचे दिवंगत बंधू विलास यांच्या पत्नी, सुमनताई..." मी त्यांना तिथंच थांबवलं. म्हटलं, नुसतं सुमन म्हणा. मावशी काठावरून हसल्या. पास्टरांनी नुसतं सुमन म्हटलं.

पाण्याखाली गेले आणि वर आले. खोटं नाही सांगत, त्या वेळी तुमची आठवण आली नाही, अहो. तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदाच आली नाही. ती नंतर आली, आडोशाला ओली साडी पिळताना, आणि मग मी पोटभर रडले.